चेंडू आपल्याकडे किती वेळ

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला एमएस्सी करत होते तेव्हा दर शनिवारी मी पुण्याला फोन करायचे. आई भरभरून बोलायची, मी तिच्याहून जास्त. बाबांच्या हातात रिसीव्हर गेला की ‘जेवलीस का? बरं, ठेवतो’ एवढंच. त्या मार्चमध्ये मला तिथल्याच एका विमानं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. महिनाअखेर होकार कळवायचा होता, आणि इकडे बाबा मी परत येणार म्हणून माझी खोली रंगवून घेत होते. त्यांना सांगायचं कसं, तेच सुचत नव्हतं. मग पाऊस, लॅबमधला बिघडलेला हीटर, इथे मेथी कुठे मिळते, असलं चऱ्हाट लावायचे आणि सांगायचं तेवढं सोडून सगळं सांगायचे.

माझा हाउसमेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कॅप्टन होता. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लांबुळका चेंडू आणि सगळा चिखल. चेंडू आपल्याकडे किती वेळ राहिला आणि समोरच्यांकडे किती, हे मोजायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी स्टॉपवॉच घेऊन बसले. आता मी वाढले बाबांच्या शेजारी बसून, रेडिओवर कसोटी सामने ऐकत. विकेट टाकायची नाही, नुसतं उभं राहायचं, रन आपोआप येतात, हे त्यांचं तत्त्व माझ्या हाडीमासी भिनलेलं. त्यामुळे अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना मी कॅप्टनला छातीठोकपणे सांगितलं, चेंडू सोडूच नका, सावकाश खेळा. त्या भल्या माणसानं ऐकलं!

सीझनची शेवटची मॅच. जवळजवळ सगळा वेळ चेंडू आमच्याकडेच. आमची मुलं इंचाइंचानं पुढे सरकायची आणि जी ओलांडली की पॉइंट्स मिळतात, त्या शेवटच्या रेषेशी येऊन अडकायची. मी स्टॉपवॉच बघून खूश. समोरच्यांच्या हाती चेंडू नावालाच आला, पण आला की दर वेळी त्यांनी एकच लांब फेक केली आणि पॉइंट्स घेऊन मोकळे झाले. आम्ही सपाटून हरलो.

कॅप्टन माझ्याशेजारी येऊन धपकन बसला. आता माझी खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. पण तो शांतपणे म्हणाला, सावकाश खेळण्यात काही चूक नव्हती, समोरचे दमलेही होते. फक्त रेषेपाशी आल्यावर आम्ही फेकायला घाबरलो. मला शनिवारचे सगळे फोन आठवले आणि स्वतःचाच राग आला.

पुढच्या शनिवारी आईला म्हटलं, आधी बाबांना दे. ती गडबडलीच. बाबांनी जेवलीस का विचारलं.

“बाबा, मला इथे नोकरी मिळालीय. मला ती करायचीय. मी आत्ता परत येत नाहीये.”

माझे डोळे भरून आले. मग त्यांनी घसा खाकरला आणि काम पंखांचं की इंजिनाचं, ते विचारलं. पंखांचं, म्हटलं. खोलीचा रंग तर देऊन झालाय, ते म्हणाले, राहू दे, सुट्टीत येशील तेव्हा बघशील. मला हसूही येत होतं आणि रडूही. आता ते फोन ठेवणार हे ठाऊक होतं, म्हणून मीच घाईनं म्हटलं, ठेवते बाबा.

“थांब गं,” बाबा म्हणाले. “इतक्यात ठेवू नकोस.”