गाडी हडपसरला, बाबा मंडईत

"ही गाडी माझ्या वडिलांची आहे. ते कुठे आहेत, तेवढं सांगा."

काउंटरपलीकडे तिशी ओलांडलेला एक तरुण उभा होता. हातातल्या बॅगेला विमानाचा टॅग अजून लोंबकळत होता आणि झोप न झाल्यामुळे डोळे तांबारलेले होते. शेजारी प्रणाली, माझी गिऱ्हाईक. नर्सच्या युनिफॉर्मवर जॅकेट चढवलेली आणि अगदी रडकुंडीला आलेली. बाहेर दारात पांढरी इलेक्ट्रिक स्कूटर उभी होती, जिच्यावरून हे सगळं चाललं होतं.

"मॅडम, यांना वाटते मी गाडी चोरली," प्रणाली म्हणाली. "ड्यूटी संपवून पार्किंगमध्ये आली, तर हे गाडीपाशी उभे. तुम्हीच सांगा न यांना."

"चोरली असं मी म्हणालोच नाही. बाबा कुठल्या वॉर्डमध्ये आहेत, एवढंच विचारलं."

वॉर्ड हा शब्द ऐकून मी दोघांनाही बसवलं आणि पाणी दिलं. गोंधळ कुठे झालाय, याचा मला थोडा अंदाज येऊ लागला होता.

सिंहगड रोडवरच्या एका दुकानात मी जुन्या इलेक्ट्रिक स्कूटर तपासायचं काम करते. त्याआधी बरीच वर्षं पेट्रोलच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. पेट्रोलची जुनी गाडी विकणं सोपं असतं. इंजिनाचा आवाज ऐकायचा, आरसी म्हणजे मालकीचा कागद नव्या नावावर करायचा, किल्ली द्यायची, नमस्कार. इलेक्ट्रिक गाडीला मात्र दोन मालक असतात. एक आरसीवरचा आणि एक ॲपमधला. गाडी नवी घेताना ज्याचा मोबाइल नंबर दिला, तो ॲपमधला मालक. त्याच्या फोनवर ओटीपी येतो. तो त्याने दिला की गाडी नव्या माणसाच्या फोनवर जाते. तोपर्यंत गाडी चालते, पण ती कुठे उभी आहे हे जुन्याच माणसाला दिसत राहतं.

ही गाडी पानसे काकांनी विकायला आणली होती. बॅटरी हेल्थ उत्तम निघाली. म्हणजे नवी असताना बॅटरी जेवढं चार्जिंग धरायची, जवळजवळ तेवढंच आताही धरत होती. अशी जपलेली गाडी कुणी का विकतंय, असं मी विचारलं.

"अहो बाई, गाडीला काही झालेलं नाही. डोळ्यांना झालंय," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. त्याच्या स्वतःच्या चष्म्याची काच बघा, बाटलीच्या बुडासारखी. पण सांगतो मला."

काका मूळचे पेठेतले. मुलाने धायरीत फ्लॅट घेतला आणि नंतर तो जर्मनीला गेला. धायरीत दाराशी भाजी येते, पण काकांच्या मते तिला भाजी म्हणत नाहीत. म्हणून रोज मंडई. मुलाने जायच्या आधी त्यासाठीच ही गाडी घेऊन दिली होती. काकांकडे बटणांचा फोन, त्यामुळे ॲप मुलाच्या नंबरवर. बायको गेल्यापासून काका घरात एकटेच.

प्रणाली वाशिमची. धायरीत रूम करून राहते आणि हडपसरच्या एका हॉस्पिटलमध्ये काम करते. दोन बस बदलून जाताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. तिला गाडी पसंत पडली, आरसीही तिच्या नावावर झाली. राहिला तो ओटीपी.

"काका, मुलाकडून ओटीपी घ्या," मी फोनवर म्हणायची.

"आज तिकडे सुट्टी आहे."

"सुट्टीत फोन बंद असतात का?"

"जर्मनांचं काही सांगता येत नाही."

मी प्रणालीला थांबायला सांगितलं. काका ऐकेनात. गिऱ्हाइकाला शब्द दिला की त्याला ताटकळत ठेवायचं नाही, ही त्यांची जुनी पद्धत. त्यांनी किल्ली सरळ तिच्या हातात ठेवली. "मुलगी रोज दोन बस बदलते. तो ओटीपी येईल तेव्हा येईल. तू जा गाडी घेऊन." तशी ती घेऊन गेली, आणि काका मंडईत बसने जाऊ लागले.

आता समोर बसलेला तरुण म्हणजे तो मुलगा, अमेय. गाडी विकल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मग बाबा आजारी नाहीत?"

"गेल्या आठवड्यात तर ठणठणीत होते. मला ओटीपीबद्दल उडवून लावलं."

त्याने तोंडावरून हात फिरवला आणि मग बोलायला लागला. "मॅडम, मी उठतो तेव्हा इथे अकरा वाजून गेलेले असतात. आधी ॲप उघडतो. गाडीचा ठिपका मंडईत असतो. माझी कॉफी होईपर्यंत तो परतीला लागतो. तुळशीबागेपाशी थांबला, की समजायचं बाबांना कुणीतरी भेटलं. आई गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे रविवारी, जेवलास का, जेवलो, ठेवतो. खरी भेट त्या ठिपक्याचीच व्हायची. एखाद्या दिवशी गाडी निघाली नाही, तर मलाच करमायचं नाही."

माझी लेक बंगळूरला असते. तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसलं की मी फोन बाजूला ठेवते आणि कामाला लागते. त्यामुळे मला यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि मग ठिपका हडपसरला जायला लागला," अमेय म्हणाला. "मॅपवर नाव हॉस्पिटलचं. दिवसभर तिथे. कधी कधी रात्रभर. बाबांना फोन केला, कुठे आहात? म्हणाले, मंडईत. ठिपका हॉस्पिटलमध्ये आणि हे म्हणतायत मंडईत. मी घाबरलो."

"पण गाडी रोज धायरीतच परत यायची ना? माझ्या रूमवर," प्रणाली म्हणाली.

"एक गल्ली पलीकडे दिसायची. मला वाटलं, सोसायटीत पार्किंगवरून भांडले असतील."

पुण्याबाहेरच्या कुणाला हे स्पष्टीकरण पटलं नसतं. मला लगेच पटलं. शेजाऱ्यांनाही त्याने फोन केला होता. ते म्हणाले, सकाळी जातात, दुपारी येतात, कुठे ते सांगत नाहीत. मग त्याने तिकीट काढलं आणि विमानतळावरून थेट हडपसरचं पार्किंग गाठलं.

मी काकांना फोन लावला. ओटीपीचं काम आहे, लगेच या, एवढंच सांगितलं. मंडईतूनच येतो म्हणाले. ते आले तेव्हा पिशवीतून मेथीच्या जुड्या बाहेर डोकावत होत्या. अमेयला बघितलं आणि दारातच थबकले.

"तू?"

"बाबा, तुम्ही बरे आहात?"

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणत ते जवळ आले आणि त्यांनी त्याचा दंड चाचपला. "वाळलायस."

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"तू विचारलंस कुठे आहात. मी म्हटलं मंडईत. मी मंडईतच होतो. खोटं तुझा फोन बोलला."

"गाडी विकली ते सांगितलं नाहीत. डोळ्यांचं सांगितलं नाहीत."

काका खुर्चीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली. "सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, आता इकडेच या. किंवा तसं म्हणाला नसतास." पिशवीतली मेथी आत सारत म्हणाले, "मला दोन्ही ऐकायचं नव्हतं."

प्रणाली उगाचच जॅकेटची चेन वरखाली करत राहिली.

शेवटी मीच कामाला हात घातला. अमेयच्या फोनवर ओटीपी आला, त्याने तो सांगितला, गाडी प्रणालीच्या फोनवर गेली. त्याच्या स्क्रीनवर एक ओळ उरली, की तुमच्या खात्यात कोणतीही गाडी नाही. तो ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता.

"दादा, वाटलं तर तुमच्याच फोनवर राहू द्या," प्रणाली हळूच म्हणाली. "माझं काही अडत नाही."

"काही नको. गाडी तुझी आहे," काका म्हणाले. मग मुलाकडे वळले. "किती दिवस आहेस?"

"चार."

"म्हणजे रविवारी इथेच. फोनचे पैसे वाचले." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, हा असा येतो हे आधी माहीत असतं, तर गाडी केव्हाच विकली असती."

दोघं रिक्षाने गेले. मेथीची पिशवी अमेयच्या हातात होती आणि काका रिक्षावाल्याला रस्ता शिकवत होते.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला येणाऱ्यांना मी आता बॅटरीच्याही आधी एक गोष्ट सांगते. ॲप कुणाच्या नंबरवर आहे ते विचारा, आणि ओटीपी मिळेपर्यंत किल्ली घेऊ नका. विकणाऱ्यांनाही पूर्वी सांगायची, की घरच्यांना आधी कळवा. परदेशात मुलं असलेल्या आईवडिलांना मात्र हल्ली हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.