एकट्याने आणलेला पडदा

तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या त्या माणसाला सगळे ऑपरेटर म्हणायचे, आणि रिटायर झाल्यावरही ते नाव काही त्यांना सोडून गेलं नाही. आठव्या वर्षी तापात त्यांचे डोळे गेले होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. आवाज मात्र असा खणखणीत, की तिथली मोठी नर्स म्हणायची, "तुम्हाला फोन कशाला लागतो? खिडकी उघडा आणि बोला."

घरची खरेदी बायको करायची. ऑपरेटर सोबत जायचे आणि पिशव्या धरायचे. त्यांच्या मापाचा शर्ट काढतानाही दुकानदार बायकोलाच विचारायचा, "यांना चौकडा चालेल का?" ऑपरेटर आतल्या आत जळायचे. पण बायकोला नेहमी घाई असायची, आणि तिच्या घाईपुढे आजवर कोणाचंच काही चाललं नव्हतं.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना अंथरूण. पलंग खिडकीला लागून, आणि जुना पडदा विरून पार जाळी झालेला.

"अहो, दुपारच्या उन्हाने आंधळी व्हायची वेळ आलीये माझ्यावर," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

ऑपरेटर खो खो हसले. "नको बाई. एका घरात एक पुरे. पडदा आणतो मी."

मुलगी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "बाबा, मी मागवते ना फोनवरून. उद्या दारात येईल."

"मला दारात नकोय. मला दुकानात जायचंय."

"एकटे? आणि रंग कसा कळणार?"

"तोंड आहे, विचारीन."

मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "निळा आणा. पण रडका निळा नको. मी आधीच रडकुंडीला आलेय."

बाजारातलं चार मजली कापडाचं दुकान ऑपरेटरांना रस्त्यावरूनच कळायचं. फूटपाथवर दोन फेरीवाले एकमेकांच्या वरताण ओरडायचे, त्यांच्या पलीकडे चार पावलांवर थंड हवेचा झोत पायांवर यायचा, तेच दार. ऑपरेटर त्या झोतात शिरले आणि एक हात छातीशी आडवा आला.

"सोबत कोणी आहे का?" दारावरचा पहारेकरी होता. आवाजावरून पन्नाशीचा, आणि सकाळपासून उभा.

"नाही."

"मग सोडता येणार नाही काका. वर जिने आहेत. पडलात-बिडलात तर आमच्या अंगाशी येईल."

"पडलो तर माझा मी उठेन. पडदे कुठल्या मजल्यावर?"

"तिसऱ्या. पण तुम्ही कोणाला तरी घेऊन या ना."

ऑपरेटरांनी पांढरी काठी उंबऱ्यावर टेकवली आणि पाय रोवून उभे राहिले. दार तसं अरुंदच. मागे गिऱ्हाइकं तुंबायला लागली. कोणाची पिशवी त्यांच्या पाठीत टोचत होती, कोणी पुटपुटत होतं. कोणीतरी जाऊन मॅनेजरला बोलावून आणलं. अत्तराचा वास आधी आला, माणूस मागून.

"सर, आपण खाली खुर्चीवर बसा," मॅनेजर गोडगोड बोलायला लागला. "आम्ही चार पडदे खाली आणून दाखवतो. काय?"

"या मागच्या मंडळींनाही खालीच दाखवणार का?"

"त्यांचं वेगळं आहे सर."

आता मात्र ऑपरेटरांनी तो आवाज काढला, जो बोर्डावर ते फक्त आगीच्या वेळी काढायचे. "मला आत घ्यायचं नसेल तर कागदावर लिहून द्या, खाली सही करा. डोळे नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलं, एवढंच लिहा. तोवर मी इथून हलणार नाही."

मागून एक बाई म्हणाली, "अहो, सोडा ना त्यांना! आणि आम्हालाही."

मॅनेजरने कागद काही काढला नाही. तो नुसता बाजूला झाला. ऑपरेटर कठड्याला हात लावून, पायऱ्या मोजत तीन मजले चढले. पहारेकरी दोन पायऱ्या मागे राहून सोबत येत होता. त्याची धाप ऐकून ऑपरेटर एका वळणावर थांबले. "दमलात? टेकायचं का जरा?" पहारेकऱ्याला हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात दडपलं.

वरची विक्रेती एक तरुण बाई होती. तिने "सोबत कोण?" असं विचारलंच नाही. "काय दाखवू काका?" म्हणाली. त्या एका प्रश्नाने ऑपरेटरांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं.

"निळा पडदा. रडका नको."

तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे फिकट, धुऊन धुऊन गेल्यासारखा नको. कळलं."

तयार पडद्यांचे गठ्ठे तिने फळीवर टाकले. ऑपरेटरांनी एकेक हातात तोलून पाहिला, गालाला लावला, शिवण नखाने ओढली, कड्या दांडीवर सरकवून त्यांचा खडखडाट ऐकला. एक जाड, मऊ पडदा त्यांना आवडला. विक्रेती म्हणाली निळा. बाजूच्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "मला तर हिरव्याकडे झुकलेला वाटतो." दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी विक्रेतीचं म्हणणं टिकलं.

पैसे देताना पुन्हा अडलं. कार्डाच्या यंत्राला बटणंच नव्हती, नुसती गुळगुळीत काच. कॅशियर म्हणाली, "पिन सांगा, मी टाकते."

"तुम्ही तुमचा सांगता का कोणाला?"

ती ओशाळली. शेवटी खणात खुडबुड करून तिने बटणांचं एक जुनं यंत्र शोधून काढलं. ऑपरेटरांची बोटं त्यावरून अशी फिरली, जशी तीस वर्षं बोर्डावरून फिरत होती.

घरी मुलीने पडदा उलगडला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हिरवा आहे हो हा! मी म्हणत होते!"

ऑपरेटर खुर्चीत बसले. तोंड एवढंसं झालं होतं. इतका वेळ टिकवलेला ताठा त्या एका शब्दाने उतरला.

"उद्या मी बदलून आणते," मुलगी म्हणाली.

पलंगावरून बायकोचा आवाज आला. "तू कशाला? ज्याने आणला तोच बदलेल. फसायचाही हक्क असतो माणसाला. मागे मी डोळे उघडे ठेवून गळका हंडा आणला, तेव्हा कोणी मला घरी बसवलं होतं?"

दुसऱ्या दिवशी दारावर नवा पहारेकरी होता, आणि पुन्हा तोच हात छातीशी. ऑपरेटरांनी पुन्हा पाय रोवले आणि तोच आवाज काढला. मॅनेजर धावत आला आणि नव्या माणसाला म्हणाला, "सोड, सोड, आधी सोड!"

"दिव्याखाली निळाच दिसत होता हो काका," विक्रेती कळवळून म्हणाली. या वेळी ती गठ्ठा घेऊन खिडकीपाशी गेली, ऑपरेटरही गेले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तिघांकडून त्यांनी रंग वदवून घेतला. तिघंही निळा म्हणाले तेव्हाच पडदा पिशवीत गेला. बदलीच्या कागदावर फोन नंबर लागत होता, तो त्यांनी मुलीचा दिला.

पडदा खिडकीला लागला. त्या दुपारी बायको कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

दोन दिवसांनी मुलीचा फोन वाजला. मॅनेजर होता. फार अदबीने बोलत होता. वडील वरचेवर येणार असतील, तर कोणाला तरी सोबत पाठवाल का, म्हणजे आम्हालाही बरं, त्यांनाही बरं.

ऑपरेटर बाहेरच्या खोलीत होते, पण त्यांच्या कानांतून काय सुटणार! त्यांनी श्वास रोखला. परवापर्यंत ही मुलगी नेमकं हेच म्हणत होती.

आणि बापाचाच आवाज तिच्या गळ्यातून निघाला. "ते एकटेच येतील. शनिवारी उशांचे अभ्रे घ्यायचेत त्यांना. दारावर कोण असेल त्याला आधीच सांगून ठेवा."