फॉस्फेटच्या बाटल्या

वंदनाताई. हे नाव आधी लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि तिथवर पोचणारच नाही. आईवडिलांचं देणं वेगळं, ते फेडायचं नसतंच. पण त्यांच्यानंतर मी कुणाचं सर्वात जास्त देणं लागतो असं विचारलं, तर वंदनाताईंचं. आणि त्यांच्याशी मी जे वागलो ते आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, कॉलेजपासूनच्या मित्रापाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी उमरेडचा. आजोबांपर्यंत घरात माग होता. वडिलांनी तो सोडला आणि कापडाच्या दुकानात नोकरी धरली—विणणाऱ्याचा मुलगा कापड मोजून फाडू लागला. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, पण काचेची चांगली भांडी कपाटात कुलूपबंद असत. फुटतील म्हणून. परीक्षेच्या दिवशी ती बाहेर निघत, आणि आम्हाला धाक असे तो प्रश्नपत्रिकेचा नव्हे, त्या काचेचा.

अशा मुलाला नागपूरच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली. कशी मिळाली? मला वाटलं होतं, माझ्या गुणांमुळे. नंतर कळलं की प्रकल्पाच्या प्रमुख शास्त्रज्ञांनी—त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत—माझा अर्ज नाकारलेल्यांत टाकला होता. वंदनाताईंनी तो पुन्हा वर काढला. "सर, उमरेडचा पोट्टा आहे. शहरातल्या पोट्ट्यांले कुठंबी मिळून जाते. याले एकदा येऊ तर द्या." हे मला ताईंनी नाही सांगितलं. त्या असलं काही सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

ताई त्या प्रकल्पावर सहायक होत्या. कंत्राटी. दरवर्षी मुदत संपायची, दरवर्षी सर सही करायचे की वाढायची. कामठीहून शेअर ऑटोने यायच्या, केसांवर धूळ घेऊन, आणि आल्या आल्या आधी हात धुवायच्या, मग बोलायच्या. सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवायचं, एवढं एकच त्यांचं चाललेलं असे. सरांनी होही म्हटलं होतं. त्या वर्षीचा अहवाल नीट गेला की नोंदणी करू, असं.

त्यांनी मला काय शिकवलं? पिपेट कशी धरायची. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून कशी वाचायची. इंग्रजीत दोन ओळींचा ईमेल कसा लिहायचा. डबा एकट्याने कोपऱ्यात खायचा नसतो, हेही. "काहून गा, तुह्या डब्यात सोनं हाय का? इकडं ये." मी भाजी-पोळी घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो तो पहिला दिवस मला आठवतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथला आहे.

आता मूळ गोष्ट. मी ती टाळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमचं काम शहरातल्या एका तलावाच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजायचं होतं. पद्धत साधी आहे. पाण्याच्या नमुन्यात रसायनं घालायची. फॉस्फेट असेल तर रंग निळा येतो. जितकं फॉस्फेट जास्त, तितका निळा गडद. पण एक पथ्य असतं. या कामाच्या बाटल्या आणि फ्लास्क कपडे-भांड्यांच्या पावडरने कधीच धुवायचे नाहीत, कारण त्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं आणि ते काचेला चिकटून राहतं. सौम्य अ‍ॅसिडने धुवायचं, मग शुद्ध पाण्याने. ताईंनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं असं म्हणण्याची सोयसुद्धा मला नाही.

भांडी धुण्याचं काम माझ्याकडे होतं. अ‍ॅसिडने धुतलेल्या बाटल्या स्वच्छ असत, पण चकाकत नसत. जुने डाग तसेच राहत. एकदा बाहेरून पाहुणे येणार असं कळलं, मोठे लोक, आणि मला त्या मळकट बाटल्यांची लाज वाटली. आमच्या घरी पाहुणा यायचा म्हटलं की आई तांब्याभांड्यांवरून पुन्हा हात फिरवायची. मी खोलीवरून पावडर आणली. बाटल्या आणि फ्लास्क घासघास घासले आणि मग भरपूर पाण्याने धुतले. इतकं पाणी घातल्यावर काय राहणार, असं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताई आल्या आणि रॅककडे बघून हसल्या. "काय गा, आरसे केले का बाटल्यांचे?" किती बरं वाटलं मला! त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर? "ताई, पावडर लावली," एवढंच. पण कौतुक ऐकणाऱ्या माणसाला तोंड उघडायचं सुचत नाही.

पाहुणे आले, चहा पिऊन गेले. बाटल्यांकडे कुणी पाहिलंही नाही.

त्यानंतरच्या नमुन्यांना रंग विचित्र येऊ लागला. एकाच पाण्याचे दोन भाग केले तर एक फिका निळा, दुसरा शाईसारखा. नुसत्या शुद्ध पाण्याला, ज्याला रंग यायलाच नको, त्यालाही निळी झाक. मी फ्लास्क उजेडात धरला आणि मला त्याच क्षणी कळलं. त्याच क्षणी. पुढे मी कितीदा तरी स्वतःला सांगितलं की मला तेव्हा नक्की कळलं नव्हतं. ते खोटं आहे.

ताई काही कच्च्या नव्हत्या. त्यांच्या डोक्यात पहिली शंका हीच आली. "नितेश, पावडर तर नाही ना लावली गा?"

"नाही ताई. अ‍ॅसिडच."

झालं. एवढंच ते वाक्य. यापेक्षा लहान खोटं बोलता येतं का कुणाला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि ती शंका कायमची सोडून दिली. मी म्हटलं म्हणून. मग त्यांनी रसायनं नव्याने बनवली. शुद्ध पाणी बदललं. यंत्र तपासून घेतलं. दिवसच्या दिवस त्या चूक शोधत राहिल्या—जिथे ती नव्हती तिथे. आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांना रसायनांच्या बाटल्या हातात देत होतो.

याहून वाईट पुढे आहे. मी हळूहळू, कुणाच्या नकळत, रोज थोड्या थोड्या बाटल्या अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवू लागलो. वाटलं, गुपचूप दुरुस्त करून टाकू, मग कुणाचंच काही बिघडणार नाही. पण झालं उलटंच. काही बाटल्या सुधारल्या, काही राहिल्या. सोमवारी आकडे बरोबर, मंगळवारी वाटेल ते, आणि पुढच्या आठवड्यात सगळे आपोआप ठीक. चूक सापडली नाही आणि नाहीशी झाली. ताईंच्या हातात दाखवायला पुरावाच उरला नाही. तो मी धुऊन टाकला होता.

सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. कागद पुढे सरकवून म्हणाले, "वंदना, एकाच पाण्याचे हे दोन आकडे. कारण तुला सांगता येत नाही. मग आधीच्या महिन्यांचे आकडे इतके गुळगुळीत कसे आले होते?" त्या प्रश्नाचा अर्थ माझ्यासारख्या नवख्यालाही कळला. सरांना वाटत होतं, ताई आधी आकडे बनवून लिहीत होत्या.

मग सरांनी मला विचारलं, भांडी कोण धुतं. मी म्हणालो, मी. कसं? "अ‍ॅसिडने, सर. ताईंनी शिकवलं तसंच." आणि ताई लगेच म्हणाल्या, "पोराचं काही नाही, सर. तो सांगतलं तसंच करते."

त्यांनी माझी बाजू घेतली. स्वतःच्या बाजूने बोलायला तेव्हा त्यांच्याजवळ एक शब्द नव्हता, आणि जो होता तो त्यांनी माझ्यासाठी वापरला.

मी का गप्प राहिलो? भीती होती, दुसरं काय. प्रमाणपत्र मिळणार नाही याची. वडील दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमचा पोरगा सायंटिस्ट हून राहिला." परत कोणत्या तोंडाने जाऊ? पण ही मी सबब म्हणून सांगत नाही. भीती ताईंनाही असेलच. त्या कुणावर ढकलून मोकळ्या झाल्या नाहीत.

त्यांची मुदत वाढली नाही. पीएच.डी.चा विषय पुन्हा कुणी काढला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी आपला एप्रन घडी घालून पिशवीत टाकला आणि जाता जाता मला म्हणाल्या, "सरांकडून शिफारसपत्र मागून घेजो बरं. लाजू नको. मागतल्याशिवाय कोणी देत नाही." मी मागितलं. सरांनी दिलं. त्यात लिहिलं होतं की हा विद्यार्थी प्रामाणिक आणि काटेकोर आहे. त्या पत्रावर मला पुढचं शिक्षण मिळालं, आणि त्यावर आजची नोकरी. मी आता नागपुरातच एका खासगी प्रयोगशाळेत आहे, पाणी तपासतो. उन्हाळ्यात माझ्याकडेही विद्यार्थी येतात.

या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडच्या खेड्यातली एक मुलगी आली होती. शेतकऱ्याची मुलगी, अबोल. एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझ्याकडून फॉस्फेटच्या बाटल्या पावडरने धुतल्या गेल्या. काल. सॉरी सर." मी काही म्हणण्याआधी तिने त्या बाटल्या वेगळ्या काढूनही ठेवल्या होत्या. मी म्हटलं, ठीक आहे, परत धुऊ. एका दुपारचं काम होतं. संध्याकाळपर्यंत सगळं निस्तरलं आणि ती बससाठी पळाली.

एका दुपारचं काम.

ताई कामठीला एका शाळेत विज्ञान शिकवतात, हे मला काही वर्षांपासून माहीत होतं. नागपुरात सदर भागातल्या बाजारात एकदा लांबून दिसल्याही होत्या. मी दुसऱ्या गल्लीत वळलो. हेही लिहून ठेवतो. या वेळी जाऊन भेटावं असं आधी वाटलं, पण समोर गेलो असतो तर त्यांनी मला बसवलं असतं, चहा केला असता, आणि म्हणाल्या असत्या, "जाऊ दे गा, लय वर्सं झाली." ते ऐकायलाच तर मी जात नव्हतो ना? म्हणून पत्र लिहिलं आणि शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. ते पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. पत्र असं:

आदरणीय वंदनाताई,

मी नितेश, उमरेडचा. तुमच्याकडे इंटर्नशिपला होतो.

पाहुणे येणार होते त्याच्या आदल्या दिवशी मी फॉस्फेटच्या बाटल्या आणि फ्लास्क कपड्यांच्या पावडरने धुतले होते. तुम्ही नको म्हणून सांगितलेलं मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. सरांनी विचारलं तेव्हाही बोललो. नंतर मीच त्या बाटल्या लपून अ‍ॅसिडने धुतल्या, म्हणून तुम्हाला कारण सापडलं नाही. ते सापडण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

सर आता निवृत्त आहेत. हेच सगळं त्यांनाही लिहिलं आहे आणि संस्थेलाही. दोन्हींच्या सही केलेल्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तुम्हाला त्या कुठे दाखवायच्या असतील तर दाखवा. कुणी मला विचारलं तर मी येऊन तेच सांगेन.

या पत्राला उत्तर देऊ नका.

तलावाचे तुम्ही आधीच्या महिन्यांत काढलेले सगळे आकडे बरोबर होते.

नितेश