उतरायला लागणार नाही अशी गाडी

रसायनीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये उज्वला नमुने तपासायचं काम करते. नवरा राकेश गेला, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि पुढच्या सोमवारी ती कामावर हजर. मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या बायका कुजबुजल्या, हिच्या डोळ्याला पाणी कसं नाही? खरंच नव्हतं. डबा भरायची, डबा खायची. आमटीत मीठ राहिलं तरी तिला कळायचं नाही.

राकेश गेला तो भर दुपारी. मुलगी सुरभी हिला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडून दोघं एक्सप्रेसवेने परत येत होते. घाट उतरला, खालापूरचा टोलनाका मागे पडला आणि गाडीचं मागचं चाक बसलं. राकेशने गाडी कडेला घेतली, उज्वलाला लोखंडी कठड्यापलीकडे उभं केलं. "लगेच होईल. तू तिथंच थांब, उन्हात नको येऊस," म्हणाला, आणि स्टेपनी काढायला लागला. मागून आलेला टेंपो कडेला का सरकला, ते पुढे कुणालाच धड सांगता आलं नाही. उज्वलाच्या हातात पाण्याची बाटली होती. पोलीस आले तरी ती तशीच धरलेली.

पुन्हा गाडीचं नाव घरात निघालं ते सासूमुळे. पारूबाई कळंबला एकटी राहते. तिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, दर महिन्याला पनवेलला जाऊन इंजेक्शन घ्यावं लागतं. आधी रिक्षा, मग एसटी, मग परत रिक्षा. एकदा कर्जतच्या स्टँडवर पायरी न दिसून ती पडली, कपाळाला टाके पडले. त्या आठवड्यात उज्वलाने चौकच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा म्हणायचा, "ताई, तुम्ही घाबरत नाही, हे एक बरंय." घाबरायला आत काहीतरी हलावं लागतं. तिचं काही हलत नव्हतं.

शोरूममध्ये विकणारी मुलगी रंग दाखवत होती, पडद्यावर गाणी लावून दाखवत होती. उज्वलाने एवढंच विचारलं, "पंक्चर झालं तर थांबायला लागणार नाही, असे टायर येतात का हिला?"

मुलगी गडबडली. "रनफ्लॅट? ते मोठ्या गाड्यांना असतात, मॅडम. आपण स्टेपनी देतो ना."

स्टेपनी हा शब्द ऐकून उज्वला उठली आणि बाहेर आली.

खोपोलीत राजेश नावाच्या माणसाचं टायरचं दुकान आहे. त्याने तिला खुर्ची दिली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "ताई, ह्या टायरची कड जाड असते. हवा गेली तरी गाडी रिमवर बसत नाही. ऐंशीच्या आत चालवली तर ऐंशी किलोमीटर जाईल म्हणतात. पण बसायला कडक. आणि पंक्चर झालंय हे चालवताना कळतच नाही, म्हणून हवा सांगणारा सेन्सर गाडीतच पाहिजे. हवा नसताना चालवला की टायर बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो. लहान गाडीला तर माप मिळणार नाही. आपल्या रस्त्याला मी कुणाला सांगत नाही हे."

"पण उतरायला लागत नाही ना?"

"नाही लागत."

"मग कुठल्या गाडीला बसतात तेवढं सांगा."

सुरभी फोनवर वैतागली. "मम्मी, लोक गाडी घेतात आणि टायर बघतात. तू टायर धरून गाडी शोधतेयस!" उज्वला म्हणाली, "हो." शेवटी टायरवाल्या राजेशने सांगितलेल्यातली एक करडी गाडी घेतली, सेन्सरवाली. टायर मुंबईहून मागवून त्याने बसवून दिले.

पारूबाईने पहिल्याच दिवशी कंबर धरली. "बैलगाडी बरी गं ह्येच्यापरीस!" कळंबच्या रस्त्यावरचा एकूण एक खड्डा अंगात शिरत होता. पण पारूबाईने पुन्हा कुरकुर केली नाही. मांडीखाली गोधडीची घडी घेऊन बसू लागली.

आणि एका खेपेला, चौकच्या पुढे जुन्या हायवेवर, स्टिअरिंगपुढे सेन्सरचा पिवळा दिवा लागला. उज्वलाने वेग कमी केला आणि गाडी डावीकडून चालवत ठेवली.

"काय झालं गं? टिंग वाजलं."

"पंक्चर हाय, आई."

"मंग थांबत नाय?"

"नाय. थांबायला लागत नाय हिला."

पारूबाईला समोरचं धड दिसत नव्हतं. तिने मान आवाजाकडे वळवली. शेजारून कंटेनर गेला, गाडी थरथरली. मग तिने विचारलं, "ह्ये टायर तवा नव्हतं का गं?"

"होते, आई. आमाला ठावं नव्हतं."

पारूबाईने चाचपडत हात पुढे केला आणि सुनेच्या गुडघ्यावर ठेवला. पनवेल येईपर्यंत काढला नाही. दवाखान्याच्या आवारात गाडी लावून उज्वला खाली उतरली, चाकाकडे पाहिलं. थोडंसं दबलेलं, एवढंच. आता काहीतरी वाटेल म्हणून ती वाट बघत उभी राहिली. काही वाटलं नाही. मग सासूला धरून आत नेलं, नंबर लावला.

तो टायर फेकावा लागला. दुसरा यायला वेळ लागणार होता, म्हणून गाडी पनवेललाच राहिली आणि दोघी एसटीने मोहोपाड्याला उज्वलाच्या घरी आल्या. संध्याकाळी सुरभीचा फोन आला. "मम्मी, एवढं सगळं करून गाडी बंदच ना?"

त्यावर उज्वला बोलायला लागली. त्या दुपारचं तिने मुलीला आजवर काही सांगितलं नव्हतं. कठडा कसा तापला होता, राकेशने शर्टाच्या बाह्या कशा दुमडल्या, त्याने एकदा मान वर करून पाणी मागितलं आणि ती द्यायला निघाली तेवढ्यात टेंपो आला. नमुन्याचा निकाल वाचावा तशा आवाजात तिने सगळं सांगितलं. पलीकडे सुरभी हुंदके देत होती. तिचं रडणं थांबेपर्यंत उज्वलाने फोन ठेवला नाही. तिला स्वतःला रडू आलं नाही.

पण भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. तिने भात टाकला, तव्यावर सुके बोंबील भाजले, कांदा चिरला आणि सासूला हाक मारली, "आई, चला, ताट वाढलंय."

पहिल्याच घासाला तिला जाणवलं, बोंबील खारट झालेत. तिने भात जास्त वाढून घेतला.