ओलाव्याचे अकरा प्रयोग

गुणाकर बालाघाटच्या कॉलेजात बारा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होता. अतिथी विद्वान म्हणून. म्हणजे मान विद्वानाचा आणि भरवसा पाहुण्याचा. डॉक्टरेट झाली नाही तर जुलैत जागा जाणार, हे त्याला तोंडावर सांगून झालं होतं. प्रबंध द्यायची शेवटची मुदत होती एकतीस मार्च.

विषय असा, की मेटॅलोसीन नावाचा उत्प्रेरक एथिलीन वायूचे रेणू भराभर जोडून त्याचं पॉलिथिन करतो. किती वेगाने करतो, ते गुणाकरने या नोकरीआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चार वर्षं मोजलं. शिष्यवृत्ती संपली तेव्हा वह्या घेऊन घरी आला. लिहायचं तेवढं राहिलं, ते कॉलेजच्या पोरांची प्रॅक्टिकलं घेता घेता राहूनच गेलं.

मी त्याच कॉलेजात गणिताचा मास्तर. आलेख तपासून दे म्हणाला, म्हणून फेब्रुवारीत त्याच्या घरी बसलो. नको तिथे नाक खुपसायची माझी खोड जुनीच.

“हे अकरा प्रयोग काहून गाळले?”

“ओलावा शिरलता त्यात. पाणी लागलं का उत्प्रेरक मरते.”

प्रयोग बिघडला की वहीत ‘ओलावा’ लिहायचं आणि पुढे जायचं, अशी त्या प्रयोगशाळेची रीतच होती. कोणी वर तोंड करून विचारत नसे.

“झालं काय होतं पण?”

“उत्प्रेरक दुप्पट टाकला, तरी वेग तेवढाच. म्हंजे अर्धा मेला.”

“अकराही वेळा बरोब्बर अर्धा? पाणी मापून शिरते का रे?”

गुणाकर हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मला कळायला मात्र तासभर लागला.

वायू आधी द्रवात विरघळतो, मगच उत्प्रेरकाच्या हाती लागतो. त्यासाठी भांड्यात ढवळणारा पंखा असतो. तो जोरात फिरवला की झाकणातून वायू गळायचा, म्हणून चारही वर्षं पंखा हळू ठेवलेला, आणि वायू द्रवात उतरायचा तो पंख्याच्याच चालीने. पंगतीत वाढपी एकच असेल तर जेवणारे दुप्पट बसवा, पुऱ्या त्याच वेगाने संपतात. बाकीचे सगळे प्रयोग त्याने एकाच मापाच्या उत्प्रेरकावर केले होते, म्हणून हे कधी दिसलंच नाही. खरं बोलत होते ते गाळलेले अकराच.

पुन्हा करावं तर ते यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. मार्गदर्शक फोनवर म्हणाले, “ते अकरा गाळा आणि देऊन टाका. कोण बघतंय?” खरं सांगतो, मीही तेच म्हणालो. हात जोडून म्हणालो.

एकतीस मार्चला तो दिवसभर परीक्षेच्या ड्यूटीवर होता. संध्याकाळी मी त्याच्यासोबतच घरी गेलो. त्याची बायको अलकनंदा दारातच उभी होती.

“पाठवलं का?”

“नाही.”

मी सगळं समजावून सांगितलं, पंगतीसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे वळून विचारलं, “मंग चार वर्षं तुमी मोजलं काय?”

“पंखा,” गुणाकर म्हणाला.