घरात प्रार्थना करणार नाही, असं लिहिलेला कागद

माझे केस मुठीत धरून त्यानं मान मागं वाकवली आणि कपाळावर कुंकू रगडलं. इतकं, की कातडं सोललं. चार जण मोबाईल धरून उभे होते. तो म्हणाला, "आता दिसतीस भारतातली. म्हण, भारत माता की जय."

मी म्हणाले, "केस सोड आधी."

त्यानं तोंडात मारली. कवळी खाली पडली. कुणीतरी हसलं आणि तिच्यावर पाय दिला.

हे माझ्याच घरात झालं. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, सकाळी. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं म्हणून प्रार्थना ठेवली होती. आमच्या चर्चचे पाळक धरून नऊ माणसं.

आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटतात. ती माणसं चपला घालून आत आली तरी आम्हाला दिसली नाहीत. पाळक तेव्हा देशासाठी मागत होते. आमच्या प्रार्थनेत ते येतंच. राष्ट्रपती, पंतप्रधान, कलेक्टर, पोलीस, सैनिक, सगळ्यांना चांगली बुद्धी दे. "आमच्या देशावर तुझी कृपा असू दे," एवढं झालं आणि त्यांच्या कानशिलात बसली. मी डोळे उघडले तर ते जमिनीवर होते आणि बरगडीत लाथा बसत होत्या.

माझी नणंद बहिरी. तिला काहीच कळलं नाही. ती डोळे मिटून, हात जोडून तशीच बसलेली. तिच्या डोक्यात खुर्ची घातली.

माझे केस धरणारा परका नव्हता. त्याची आई आणि मी वीस वर्षं एकाच कारखान्यात बिड्या द्यायला जायचो. लहानपणी माझ्या सुपातली तंबाखू सांडायचा म्हणून दोनदा धपाटे घातलेत मी त्याला. मला मावशी म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "ए म्हातारे, तुमचा देश तिकडं रोमला. तितं जाऊन गाणी म्हणा की."

रोम कुठं आहे मला माहीत नाही. मी सांगोल्याकडची. तिथं माझ्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. विहिरीवरून हाकलायला तो इथलाच होता. ख्रिस्ती झाला आणि परका झाला. नवरा होटगीला रेल्वेत गँगमन. तीस वर्षं त्यानं रुळाखाली खडी भरली. तेव्हा त्याला कुणी देश विचारला नाही.

पोलीस आले. गाडीत घातलं आम्हालाच. नणंदेच्या डोक्याला पदर दाबून धरला होता मी.

चौकीतला साहेब माझ्या लेकाच्या वयाचा. म्हणाला, "आजी, कशाला हे उद्योग? अंगठा उठवा आणि जावा घरी."

समोर कागद होता. शाईचा डबा उघडून ठेवलेला. पेन पुढं केलं नव्हतं. मला लिहिता येत असेल असं कुणाला वाटलंच नाही. मी चौथी शिकले. बोट ठेवून वाचते, पण वाचते. कागदावर होतं: आजचा प्रकार गैरसमजातून झाला. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. यापुढे राहत्या घरात प्रार्थना घेणार नाही.

पाळकांनी सही केली होती. बाकीच्यांनीही. पाळक हळूच म्हणाले, "बाई, करून टाका. आपल्याला इथंच राहायचंय."

आजवर मी हेच करत आले. नळावर माझी घागर बाजूला ठेवायला लावली, ठेवली. "तुमच्यात कायबी खातात," म्हणाले, ऐकून घेतलं. मान खाली घालणं म्हणजेच ख्रिस्तीपण, असं समजून बसले. पण नणंदेच्या रक्तानं माझा पदर चिकट झाला होता, आणि हा कागद त्याला गैरसमज म्हणत होता.

"साहेब, हे खोटं हाय. मी न्हाय करणार."

"मग बसा हितंच."

"बसते की." नणंदेला पाळकांबरोबर दवाखान्यात धाडलं आणि मी बसले.

तासाभरानं त्यानं विचारलं, "कुणासाठी चालली होती प्रार्थना?"

"नवऱ्यासाठी ठेवली होती. मार बसला तवा तुमच्यासाठी चालली होती. पोलिसांचं नाव असतंय त्यात."

हवालदाराला हसू आलं. साहेब चिडला. "आजी, सोलापुरात राहायचंय ना तुम्हाला?"

"राहायचंय न्हाय, राहतेच. तुमी बदलीवर आलाय."

मी कोरा कागद मागितला. दुपार टळल्यावर दिला. त्यावर मी स्वतः लिहिलं. कोण आलं, कुणी केस धरले, कुणी खुर्ची घातली. त्याचं नाव, बापाचं नाव, गल्ली. अक्षर वाकडं आलं. शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत उठले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात आली. "अगं, पोराची नोकरी जाईल. तुमच्यात माफ करतात की."

"माफ करीन. तक्रार मागं घेणार न्हाय."

ती शिव्या देत गेली. गल्लीत आता माझ्याशी कुणी बोलत नाही. पाळकही घरी यायला कचरतात. न येऊ देत. प्रार्थना घरातच होते, मी आणि नणंद करतो. कोर्टाचं बोलावणं आलं की जाणार. त्याच्याकडं बोट दाखवून तोंडावर सांगणार. मला कुणी देश देऊ नये, तो माझाच आहे. हात उगारणाऱ्याचं नाव लिहून द्यायचा हक्क मला या देशानंच दिलाय, आणि तो हक्क मी सोडणार नाही.

हे मी भोगलं. मी सोलापूरची बिडी कामगार. ख्रिस्ती. वय बहात्तर.