गव्हाणीतलं वाढं

आमच्या बारामतीच्या चर्चमध्ये आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, गव्हाण रिकामी असते. बाळ येशूची मूर्ती नाताळच्या रात्रीच ठेवायची. तोवर ज्याच्या हातून काही चांगलं घडेल त्याने गव्हाणीत एक काडी टाकायची, बाळाला मऊ अंथरूण व्हावं म्हणून. प्रथा सुंदर आहे. माणसं तिची माती करतात.

त्या वर्षी समितीने चर्चच्या अंगणात ही गव्हाण आणि प्लास्टरची जनावरं मांडून केलेल्या गोठ्यासाठी प्लॅस्टिकचं गवत आणलं. "धुता येतं. पुढच्या वर्षीही चालेल," अध्यक्ष म्हणाले.

"पुण्यकर्मंही धुऊन पुढच्या वर्षी चालवायची का?" मी विचारलं. कुणी हसलं नाही. मग तावातावाने मीच कळसच्या रानातून वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा ताजा हिरवा पाला, मोटारसायकलला बांधून आणलं. काडीऐवजी पान टाकायचं ठरलं.

लोक तुटूनच पडले. एकीने सासूला चहा दिला म्हणून पान. एकाने शेजाऱ्याशी भांडण उकरून काढलं नाही म्हणून पान. अध्यक्षांनी तर मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊन, कॅमेऱ्याकडे बघत मूठभर पानं सोडली. अंगणातल्या बाकावर बसून मी हे सगळं बघायचो आणि मनातल्या मनात नाक मुरडायचो.

माझं स्वतःचं पान एकही नव्हतं. शेजारच्या आजारी आबांना भिगवणला दवाखान्यात नेलं, तर परतताना हे कुणाकुणाला ऐकवायचं याचीच जुळवाजुळव डोक्यात. असल्या कामाचं पान बाळाखाली कुठल्या तोंडाने घालायचं? पापनिवेदनात फादरना हे सांगितलं.

"तुम्ही स्वतःला फार तपासता," फादर म्हणाले. "रविवारी गुलाबी मेणबत्ती लावू, तो आनंदाचा रविवार. निदान देवाकडे आनंद मागून तरी बघा."

आनंदालाही आता वार नेमून दिलाय, असं मनात म्हणत मी बाहेर पडलो. पण खरं सांगायचं तर मागायचीच भीती वाटत होती. कैक नाताळ कोरडे गेले होते. हाही तसाच गेला, तर दोष माझ्यातच आहे हे पक्कं होणार होतं.

"दुसऱ्याच्या पानांवर पहारा पुरे झाला," बायको म्हणाली. "आपलं एक तरी टाका की."

"माझं नाही."

"मग रविवारी असलं एरंडेल प्यायल्यागत तोंड करून माझ्या शेजारी बसू नका."

तरी बसलो. गुलाबी मेणबत्ती लागली. मी मागितलं. काही झालं नाही.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपून बाहेर आलो, तर गोठ्यात बैल उभा. रस्त्यावर थांबलेल्या ऊसतोडकऱ्याच्या गाडीचा, सुटून आलेला. प्लास्टरच्या बैलाला आडवा पाडून तो गव्हाणीत तोंड घालून वाढं खात होता. हंगामात त्याचा चाराच तो.

"अहो, हाकला त्याला!" अध्यक्ष ओरडले. "सगळ्यांची पुण्यकर्मं खाल्ली!"

कासरा घेऊन एक बाई धावत आली. "मारू नगा वं! वाढं दिसलं की ऱ्हात न्हाय त्यो. पर तुमी तरी बैलाच्या वाटंवर वाढं कशापायी मांडलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ऊसपट्ट्यात जन्म काढलेल्या माणसाने डिसेंबरात उघड्यावर वाढं मांडलं होतं! मला हसू फुटलं. सासूचा चहा, अध्यक्षांचा फोटो, माझा ताठा, सगळं त्या जबड्यात सारखंच कराकरा चावलं जात होतं. हसता हसता डोळे भरून आले. गोठा, गव्हाण, जनावराचा ऊन श्वास: लहानपणी हे सगळं जितकं खरं वाटायचं तितकंच पुन्हा वाटलं. कडेला शिल्लक राहिलेली वाढ्याची पेंढी उचलून मी बैलापुढे धरली. त्याच्या नाकपुड्यांची वाफ तळहाताला लागली.

"हसताय?" बायकोने विचारलं.

"व्हय."

बाईने बैल नेला. गव्हाण त्याने साफ चाटून ठेवली होती. अध्यक्षांनी गाडीतून प्लॅस्टिकचं गवत काढलं, तेव्हा मी ते मुकाट्याने त्यांच्या हातून घेऊन अंथरलं. बोटांत पेंढीतलं एक पान अडकून राहिलं होतं. ते कशाबद्दलचं, याचा विचार न करता मी त्यावर ठेवून दिलं.